17 डिसेंबर, रात्री आठ: उपनगरातल्या मावशींचा बडाखाना

पन्नासच्या आतली माणसं असतील, पंगतीत बसवून आग्रहाने वाढायचं असेल आणि वेळ पाळणं महत्त्वाचं असेल, तर नाशिकरोड-उपनगर भागात मी एकाच घराचं नाव सांगेन. सासू-सून दोघी मिळून पोळीभाजी केंद्र चालवतात. पाटी नाही, छापील मेनू नाही. त्यातल्या सासूबाईंना सगळे मावशी म्हणतात आणि रोज संध्याकाळी दारात डबेवाल्या पोरांची रांग असते, तीच खूण.

आमचं जेवण नेहमीच्या कार्यक्रमाचं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे सासरे अण्णा तोफखान्यातले. ट्रेनिंग इथंच, नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला झालं. 1971 च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत ते पश्चिम सीमेवर, शकरगढ भागात 25 पाउंडर तोफेवर होते. विजय दिवस सगळा देश 16 डिसेंबरला पाळतो, कारण त्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींनी आपल्या जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली. पण पश्चिमेकडे त्या दिवशी लढाई पेटलेलीच होती. शकरगढ भागातच, बसंतर नदीजवळ 21 वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 तारखेलाच रणगाड्यात शहीद झाले. तिकडच्या तोफा थांबल्या त्या 17 तारखेला रात्री आठ वाजता. अण्णांच्या मते त्यांची लढाई तेव्हा संपली. त्यामुळे आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दरवर्षी 17 ला, आठच्या ठोक्याला पंगत बसते. यंदा त्या रात्रीला 54 वर्षं झाली.

फौजेत साहेब आणि जवान एकत्र बसून जेवतात, तो बडाखाना. अण्णांना तोच हवा असतो, घरच्यांबरोबर आणि शेजाऱ्यांबरोबर. गेल्या वर्षी आम्ही एका मोठ्या केटररला काम दिलं होतं. त्यांनी बुफे लावला, गाड्या उशिरा आल्या, जेवण पावणेनऊला सुरू झालं आणि अण्णा हातात प्लेट घेऊन रांगेत उभे राहिले. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मला मात्र फार लागलं. ज्यांच्यासाठी हा दिवस, त्यांना बसल्या जागी गरम घास मिळू नये?

मावशींना फोन केला तेव्हा त्यांनी आधी ताटं किती ते विचारलं नाही. "बाबांना तिकडं काय जेवायला मिळायचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग स्वतः घरी आल्या. अण्णांना डाव्या कानाने फारसं ऐकू येत नाही, तोफेजवळ वर्षं काढलेल्या बऱ्याच जणांचं तसं होतं. मी एकदाच सांगितलं, तर मावशी उठून त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसल्या आणि सगळं बोलणं तिथूनच केलं. अण्णांनी लंगरच्या, म्हणजे फौजेतल्या स्वयंपाकघराच्या डाळीचं वर्णन केलं: अख्खे उडीद आणि चणाडाळ, कांदा-टोमॅटोची फोडणी, भरपूर आलं, आणि घट्ट इतकी की पुरीने उचलता आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सुनेच्या हाती छोट्या डब्यात नमुना आला. अण्णांनी चाखून "आलं वाढवा" एवढाच निरोप पाठवला. मार्गशीर्ष चालू आणि दुसऱ्याच दिवशी गुरुवार, म्हणून मटण नाही ठरलं. डाळ, पुरी, बटाट्याचा रस्सा, जिरा भात, काकडीची कोशिंबीर आणि साजूक तुपातला शिरा.

त्या दिवशी सातच्या आत शेगडी गच्चीवर चढली होती. डिसेंबरातल्या नाशिकच्या रात्री गच्चीवर वारा कसा झोंबतो ते इथल्यांना सांगायला नको. मावशींनी कढई पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मांडली आणि डाळीचं पातेलं मंद आचेवर ठेवून दिलं. आठला दोन मिनिटं कमी असताना आम्ही सगळे उभे राहिलो, शांतता पाळायला. कोणी सांगितलं नव्हतं, पण मावशींनी दोन्ही शेगड्या बंद केल्या आणि पदर सावरून सुनेसह आमच्याबरोबर उभ्या राहिल्या. आठ वाजले, अण्णांनी "भारत माता की" म्हटलं, पोरांनी "जय" म्हटलं, आणि पाच मिनिटांत पहिल्या पुऱ्या अण्णांच्या पत्रावळीवर होत्या. टम्म फुगलेल्या, तेल अजिबात न धरलेल्या.

डाळीबद्दल अण्णांचं मत महत्त्वाचं. त्यांनी तीनदा मागून घेतली. उडीद मऊ शिजले होते पण अख्खे होते, चणाडाळीने घट्टपणा आला होता आणि आल्याचा झणका थेट घशापर्यंत पोचत होता. तळमजल्यावरच्या जैन कुटुंबासाठी बिनकांदा-लसणाची वेगळी डाळ, तिचा डावसुद्धा वेगळा. माझ्या मनातून हे निसटलं होतं. मावशींनीच आठवणीने विचारलेलं.

वाढणंही घाईचं नव्हतं, म्हणून गप्पा रंगल्या. आमच्या शेजारचे काका ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षं मिग 21 या लढाऊ विमानावर काम केलेले. हेच विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला हवाई दलातून निवृत्त झालं, त्यामुळे काका यंदा भरून आले होते. 14 डिसेंबर 1971 ला मिग 21 नी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं कशी सोडली, ते त्यांनी पोरांना सांगितलं. पोरं पत्रावळ पुढ्यात धरून ऐकत होती आणि सूनबाई त्यांच्या पाठीमागून गुपचूप शिरा वाढून जात होती.

आता कमी काय पडलं तेही लिहिते. चाळीसेक माणसांना एकच कढई पुरत नाही. पंगतीच्या शेवटच्या टोकाला पुरीसाठी थांबावं लागलं. दुसरी कढई किंवा मदतीला आणखी एक बाई हवी. कोशिंबिरीला पाणी सुटलं होतं. शिरा माझ्या जिभेला गोड जास्त वाटला, अण्णांना मात्र बरोबर वाटला. प्यायच्या पाण्याचे जार आणि सतरंज्या आपल्या आपण आणायच्या, हे आधी विचारून घ्या. छापील बिल मिळत नाही, वहीतल्या कागदावर हिशेब लिहून देतात.

ताटाचे 180 रुपये पडले, निम्मे आधी, निम्मे जेवणानंतर. वाढायला दोघी होत्या, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. उरलेली डाळ झाकून, पातेलं पुसून आमच्या स्वयंपाकघरात ठेवून गेल्या आणि गच्ची झाडूनही दिली.

निदान आठवडाभर आधी सांगावं लागतं, आणि पन्नासच्या वर त्या घेत नाहीत. मी 26 जुलैची तारीख आत्ताच देऊन ठेवली आहे. कारगिल विजय दिवस पुढच्या वर्षी रविवारी येतोय. पावसामुळे पंगत खाली पार्किंगमध्ये बसेल, श्रावण लागलेला नसेल, तेव्हा मटण आहे. दुसऱ्या कढईचं मावशींनी कबूल केलंय.