बीएमडब्ल्यू ई४६ ३३०आय: इंजिन नंतर, प्लास्टिक आधी तपासा

एका रांगेत सहा सिलिंडर, मागच्या चाकांना ताकद, हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि तरीही चार दरवाजे व बऱ्यापैकी मोठी डिकी. एवढं सगळं एकाच गाडीत हवं असणारे लोक बरीच वर्षं ई४६ ३३०आयच्या (ई४६ म्हणजे बीएमडब्ल्यू ३ सिरीजची एक पिढी) जाहिराती चाळत बसलेले असतात. हे मॉडेल २००० साली आलं आणि सेडानचं उत्पादन २००५ मध्ये थांबलं. म्हणजे आज हाती येणारी प्रत्येक गाडी वीस वर्षांची किंवा त्याहून जुनी, आणि तिची परीक्षाही त्याच हिशोबाने करावी लागते. या गाडीचं लोखंड आणि अॅल्युमिनियम दणकट आहे. मरतं ते प्लास्टिक आणि रबर, आणि तेही किलोमीटरपेक्षा वयाने. त्यामुळे साठ हजार किलोमीटर चाललेली पण मूळ रेडिएटर अजून तसाच असलेली गाडी आणि दोन लाख चाललेली पण बदललेल्या पार्टच्या पावत्यांची जाड फाइल असलेली गाडी यांत दुसरी घ्यावी.

आधी चालवण्याबद्दल, कारण बाकीचा सगळा खटाटोप त्यासाठीच. २९७९ सीसीचं एम५४ इंजिन ५९०० आरपीएमला २३१ पीएस देतं आणि ३५०० ला ३०० एनएम. मॅन्युअल गाडी शून्य ते शंभर साधारण साडेसहा सेकंदात गाठते. आकडे आज कुणाला चकित करणार नाहीत. चांगली टर्बो हॅचबॅक एवढं सहज करते. फरक आहे तो ताकद येण्याच्या पद्धतीत. टर्बोचा धक्का नाही, एक्सलरेटर दाबाल तेवढी आणि तेव्हाच, लाल रेषेपर्यंत सरळ चढत जाणारी. स्टिअरिंग आजच्या मानाने जड, पण पुढची चाकं पकड कधी सोडायला लागली ते हाताला आधी कळतं. बॅटरी डिकीत ठेवल्यामुळे पुढचं आणि मागचं वजन जवळजवळ समान आहे, आणि वळणात मधेच एक्सलरेटर सोडला तरी गाडी घाबरत नाही. घाबरली, तर मागचे बुश (सस्पेन्शनच्या जोडांमधले रबर) गेलेत, त्याबद्दल पुढे.

कमतरता दोन. गिअरचा दांडा लांब फिरतो आणि थोडा रबरी वाटतो. आणि क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये कंपनीने बसवलेला एक छोटा व्हॉल्व्ह क्लच हळू सोडतो, त्यामुळे पहिला-दुसरा बदलताना चांगला ड्रायव्हरही नवशिक्यासारखा वाटतो. हा व्हॉल्व्ह काढून लाइन सरळ जोडणं हे या गाडीवरचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जाणवणारं काम. त्यानंतर क्लचची हवा मात्र नीट काढावी लागते.

आता कूलिंग. हा या गाडीचा खरा शत्रू आहे, म्हणून जरा सविस्तर. एक्सपान्शन टाकी (कूलंटची जादा टाकी), रेडिएटरचे गळे, थर्मोस्टॅटचं घर, होजांची टोकं, हवा काढायचा स्क्रू, सगळं प्लास्टिकचं. अनेक वॉटर पंपांचा पंखाही प्लास्टिकचा. उष्णतेने ते ठिसूळ होतं आणि एक दिवस चालत्या गाडीत टाकी जोडावर उभी फाटते. त्याहून वाईट म्हणजे तापमानाचा काटा फसवा आहे. साधारण ७५ ते ११५ अंशांच्या मधे कुठेही असलं तरी तो बरोबर मध्यावर उभा राहतो. तो मध्यावरून हलला याचा अर्थ उशीर झालेला आहे. गाडी ताबडतोब बाजूला घ्या, इंजिन बंद करा, ‘पुढच्या गॅरेजपर्यंत’ वगैरे काही नाही. इंजिन एकदा भरपूर तापलं की हेड वाकतं ते वेगळंच, पण अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधले हेड बोल्टचे आटेही उपटून येतात. मग काम पॅकिंग बदलण्यापुरतं राहत नाही. ब्लॉकमध्ये नवे आटे बसवावे लागतात.

खरं तापमान बघायची सोय गाडीतच आहे. मीटरमधलं ट्रिपचं बटण दाबून धरून किल्ली पहिल्या टप्प्यावर न्या, चाचण्यांची छुपी यादी उघडते. १९ व्या चाचणीत यादीचं कुलूप काढलं की ७ व्या चाचणीत कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. टेस्ट ड्राइव्हला हे लावून ठेवा. चालत्या रस्त्यावर ते नव्वदीत राहायला हवं. ७०-७५ वर अडकलं तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. गर्दीत शंभर ओलांडून चढतच गेलं तर पंखा किंवा पंप बघा.

बोनेट उघडाल ते इंजिन गार असतानाच. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या. टाकीचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालंय का, जोडावर पांढरी खार साचलीय का, टोपणाखाली दुधट साय आहे का, एवढं बघा. दर एक लाख किलोमीटरला, किंवा दहा वर्षांच्या आत, संपूर्ण संच बदलायचा: रेडिएटर, टाकी आणि टोपण, वरची-खालची होज, थर्मोस्टॅट, धातूच्या पंख्याचा वॉटर पंप, दोन्ही बेल्ट आणि त्यांच्या पुल्या. एकेक पार्ट बदलत राहणारा मालक प्रत्येक वेळी नवं कूलंट ओततो आणि पुढचा जुना पार्ट फुटायची वाट बघतो. कूलंट निळं, फॉस्फेट नसलेलं, शुद्ध पाण्यात निम्मं-निम्मं. भरताना किल्ली चालू, इंजिन बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा सर्वांत मंद; हवेचा स्क्रू उघडा ठेवून सावकाश ओता, बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू बंद. तो स्क्रू प्लास्टिकचा असतो, हलक्या हाताने फिरवा. पितळी मिळाला तर उत्तम.

तेलाची भानगड वेगळी. ३.० लिटरचं एम५४ तेल पितं, ही तक्रार खरी आहे. कारणं मुख्यतः दोन: पिस्टनच्या तेलाच्या रिंगा चिकटणं आणि क्रँककेसची वाफ परत इंजिनात नेणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटणं. दुसरं तपासायला अगदी सोपं. इंजिन आयडलवर असताना तेलाचं टोपण सैल करून उचला. किंचित ओढ जाणवणं ठीक. टोपण घट्ट चिकटून ओढलं जात असेल, किंवा इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पडदा फाटलाय. हा व्हॉल्व्ह इनटेकखाली दडलेला आहे, त्यामुळे पार्टपेक्षा मजुरी जड. काढलाच तर त्याच्या चारही नळ्या सोबत बदला, त्या हातात तुकडे होऊन येतात. १००० किलोमीटरला पाव लिटरपर्यंत तेल लागलं तर या इंजिनाला माफ. पाऊण-एक लिटर जात असेल आणि व्हॉल्व्ह नवा असेल, तर दोष रिंगांचा. ती गाडी सोडून द्या.

बाहेरची गळती नेहमीच्या दोन जागी. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलं की तेल एक्झॉस्टवर पडून आत जळका वास येतो. तेलाच्या फिल्टरच्या घराचं पॅकिंग गेलं की तेल खाली अल्टरनेटर आणि बेल्टच्या बाजूला उतरतं. दोन्ही कामं अवघड नाहीत. दोन्हीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झालेलं असेल तर मालकाबद्दल पुरेसं कळतं.

खालच्या आरपीएमला गाडी सुस्त आणि तीन हजारांनंतर एकदम जागी होत असेल, तर व्हॅनॉसमधले (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेतले) रबरी रिंग कडक झालेत. पूर्ण युनिट घ्यायची गरज नसते, विटॉनचे (उष्णता सोसणाऱ्या रबराचे) चांगले रिंग बसवून काम भागतं. इनटेकवरच्या डिसा व्हॉल्व्हची (हवेचा मार्ग बदलणाऱ्या झडपेची) पाती मात्र काढून हाताने हलवून बघाच. तिची पिन झिजून सुटते आणि इंजिनात खेचली जाते, मग पुढचं सांगायला नको. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०१७४ (मिश्रणात हवा जास्त असल्याचे कोड) एकत्र दिसले तर सेन्सरवर पैसे उधळण्याआधी हवेच्या मीटरनंतरच्या रबरी नळ्या वाकवून तडे शोधा.

लिफ्टवर घेतल्याशिवाय ही गाडी घेऊच नये, आणि त्याचं कारण मागे आहे. मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणारी चौकट) ज्या चार जागी बॉडीला जोडलेली असते तिथला पत्रा पातळ आहे. डिफरन्शियलचा झटका दर वेळी तिथेच बसतो आणि स्पॉट वेल्डच्या कडेने तडे जातात. सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत हे जास्त दिसतं. चारही जागा पुसून टॉर्चने बघा. बाकी तळ मळका आणि नेमक्या त्या चार जागांवर ताजा काळा थर मारलेला असेल, तर समजून घ्या. दुरुस्ती म्हणजे सबफ्रेम, सायलेन्सर, प्रॉपेलर शाफ्ट उतरवून, इंधनाची टाकी हटवून, तडे वेल्ड करून जाड पट्ट्या बसवणं. नीट केलेलं आणि फोटो काढून ठेवलेलं हे काम असलेल्या गाडीला थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

बुश स्वस्त आहेत पण गाडीचा स्वभाव तेच ठरवतात. ऐंशी ते शंभरच्या वेगात ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं की बरेच मेकॅनिक डिस्क बदलतात. आधी पुढच्या कंट्रोल आर्मचे मागचे बुश बघा. मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश गेले की टायर आतल्या कडेने झिजतात आणि वेगात मागची बाजू स्वतःच दिशा बदलल्यासारखी वाटते. बसवताना हमखास होणारी चूक: गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना बोल्ट आवळणं. चाकं जमिनीवर असतानाच्या उंचीला सस्पेन्शन आणूनच आवळायचं, नाहीतर नवं रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. मग अलाइनमेंट. मागच्या स्प्रिंगचं खालचं वेटोळं तुटलेलं असू शकतं, हात फिरवून बघा.

ऑटोमॅटिकमध्ये ‘आयुष्यभराचं तेल’ ही समजूत गिअरबॉक्सचंच आयुष्य कमी करते. कधीच बदललं नसेल आणि रिव्हर्स उशिरा लागत असेल तर हात लावू नका. मॅन्युअलच घ्यावी, जुनी पाच गिअरची की २००३ नंतरची सहाची, यावरून फार डोकं खाजवू नये.

आतल्या कुरबुरी थोडक्यात: खिडकीच्या यंत्रणेची प्लास्टिक क्लिप तुटून काच खाली जाते, छताचं कापड लोंबतं, एसीच्या पंख्याचा रेझिस्टर जळून पंखा मनमानी चालतो. मागच्या दिव्याच्या प्लगमधली अर्थची पिन वितळते, तिथे जाड वायर टाकली की प्रश्न संपतो. मागच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे अडतात. कप होल्डरबद्दल न बोललेलं बरं.

एम३ची (याच गाडीच्या जास्त ताकदीच्या स्पोर्ट आवृत्तीची) स्वप्नं पाहणाऱ्यांनी व्हॉल्व्हचं ठरावीक अॅडजस्टमेंट आणि बेअरिंगचा खर्च आधी विचारून घ्यावा. १९२ पीएसची ३२५आय तेल कमी पिते आणि बाकी दुखणी तीच. चांगली ३३०आय मिळत नसेल तर ती घेण्यात कमीपणा नाही. स्प्रिंग कापून खाली बसवलेली, अवाढव्य चाकांची गाडी बघायलाही जाऊ नका. १७ इंची चाकं पुरेशी, त्यापलीकडे स्टिअरिंगची मजा कमी होते.

घेतल्यावर पहिला पैसा कूलिंगला, दुसरा बुश आणि टायरला, तिसरा तेलगळतीला. इंजिन ऑइल ६.५ लिटर लागतं, बीएमडब्ल्यूच्या लॉंगलाइफ-०१ मानकाचं. कंपनीच्या लांबलचक मुदतीकडे दुर्लक्ष करून दर दहा-बारा हजार किलोमीटरला बदला. आणि या सगळ्याच्या आधी, पैसे देण्याआधीच, चेसिस नंबर टाकून ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल (गाडी परत बोलावून एअरबॅग बदलण्याची मोहीम) पूर्ण झालाय का ते तपासा. झाला नसेल तर तो बदलून मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. बदल कंपनीकडून मोफत होतो.