कपाशीच्या हंगामात मेमरी अ‍ॅनालायझर: काही महिन्यांच्या वापरानंतर

जावावर चालणाऱ्या सर्व्हरला ‘आउट ऑफ मेमरी’चा त्रास असेल आणि रॅम वाढवूनही तो जात नसेल, तर एक्लिप्सचं मेमरी अ‍ॅनालायझर, म्हणजे जावाची मेमरी कशाने भरली ते दाखवणारं सॉफ्टवेअर, एकदा लावून बघाच. बोलताना सगळे त्याला मॅट म्हणतात. फुकट आहे. मूळ एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीत तयार झालेलं, २००८ पासून एक्लिप्स या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे आहे. दसऱ्याच्या सुमाराला कापूस खरेदी सुरू झाली तेव्हापासून मी ते वापरतोय आणि आता जिनिंग बंद व्हायच्या बेतात आहे.

आमची जिनिंग-प्रेसिंग जळगाव जिल्ह्यात. काटापट्टी, शेतकऱ्यांचं पेमेंट, गाठींचे लॉट, सरकीची विक्री, जीएसटी, सगळं एकाच वेब अ‍ॅप्लिकेशनवर. टॉमकॅट (जावाची वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणारा सर्व्हर), जावा ८, लिनक्स, आणि त्याच मशीनवर मायएसक्यूएल हा डेटाबेस. रॅम १६ जीबी. एक्सएमएक्स, म्हणजे हीपची (जावाचा डेटा जिथे राहतो त्या मेमरीची) कमाल मर्यादा, कुणी लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे जावाने आपल्या रिवाजाप्रमाणे रॅमचा चौथा हिस्सा, म्हणजे ४ जीबी, कमाल हीप धरली होती.

त्रास असा की सकाळी सगळं झकास, दुपारनंतर काट्याची स्क्रीन जड, आणि संध्याकाळी ऐन गर्दीत सर्व्हर आडवा. दिवाणजींचा फोन ठरलेला: “भाऊ, पट्टी निंघत नही, गेटवर ट्रॅक्टर उभा शेतस!” लॉगमध्ये कधी ‘जावा हीप स्पेस’, कधी ‘जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड’. हा दुसरा संदेश पुष्कळांना वेगळा आजार वाटतो. तो वेगळा नाही. जावाचा ९८ टक्क्यांहून जास्त वेळ जीसीत, म्हणजे वापरात नसलेल्या डेटाचा कचरा काढण्यात जातोय आणि हाती २ टक्केही हीप लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पडण्याआधी स्क्रीन जड का होते, तेही यात आलं.

सॉफ्टवेअर देणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं होतं: मेमरी वाढवा. शेठजींच्या ओळखीतल्या एकाने तर सर्व्हरच्या खोलीत एसी नाही, रॅमची पट्टी तापून खराब झाली असेल असं सांगितलं. आमच्याकडचं ऊन पाहता ऐकायला पटतं, पण खराब पट्टीने मशीन लटकतं, डेटा बिघडतो, नाहीतर कर्नलच्या लॉगमध्ये हार्डवेअरच्या नोंदी येतात. ‘हीप स्पेस’ हा जावाचा स्वतःचा हिशेब आहे, त्याचा उन्हाशी संबंध नाही.

एक्सएमएक्स वाढवून १२ जीबी केलं गेलं. मग सर्व्हर रोज पडायचा तो दिवसाआड पडू लागला, आणि आता लॉगमध्ये एक ओळही नाही, टॉमकॅट नुसता गायब! हे मॅटच्या कक्षेबाहेरचं. कर्नलचा लॉग दाखवणारं ‘डीमेसेज’ पाहिलं तर तिथे ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे जावा. जावाची हीप, तिच्याखेरीज थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आणि मेटास्पेस (प्रोग्रॅमच्या क्लासची माहिती) यांची मेमरी, वर मायएसक्यूएल, हे मिळून १६ जीबीत मावेना, म्हणून लिनक्सनेच सगळ्यात मोठी प्रोसेस मारली. लॉग कोरा ठेवून सर्व्हर मेला तर आधी इथे बघायचं. एक्सएमएक्स ६ वर आणलं आणि मग मॅटकडे वळलो.

मॅटला खाऊ लागतो तो हीप डम्पचा, म्हणजे हीपची त्या क्षणाची जशीच्या तशी नक्कल असलेल्या फाइलचा. जावाच्या पर्यायांत ‘हीप डम्प ऑन आउट ऑफ मेमरी एरर’ चालू करायचं आणि डम्प कुठे पडेल तो मार्गही द्यायचा. मी वेगळ्या डिस्कचा दिला, कारण फाइल जवळपास भरलेल्या हीपएवढी होते आणि डेटाबेसच्या डिस्कवर पडली तर नवाच गोंधळ. एकदा सुरू झालेली प्रोसेस पहिल्या चुकीलाच डम्प काढते, पुढच्या चुकांना नाही. जावासोबतच्या जेमॅप या कमांडने चालू सर्व्हरचाही काढता येतो, पण तेवढा वेळ सगळं थांबतं. गर्दीच्या वेळी तो उद्योग करू नका.

पहिली अडचण मॅटचीच आली. ८ जीबीच्या लॅपटॉपवर मोठा डम्प उघडला की मेमरी शोधायला आणलेल्या हत्यारालाच मेमरी पुरत नाही. त्याच्या आयएनआय फाइलमध्ये त्याचं स्वतःचं एक्सएमएक्स असतं, ते वाढवायचं. तरी जमलं नाही तर ‘पार्स हीप डम्प’ ही स्क्रिप्ट रात्री, काटा बंद झाल्यावर, सर्व्हरवरच चालवायची. ती स्क्रीनशिवाय चालते आणि अहवालाची झिप देते. नव्या आवृत्त्यांना चालायला जावा १७ किंवा पुढचं लागतं, मात्र जावा ८ चा डम्प त्या बिनतक्रार वाचतात. आणखी एक: फाइल ५ जीबीची असून आत एकूण कमी दिसलं तर दचकू नका. कुणीच धरून न ठेवलेला कचरा मॅट आपणहून वगळतं.

आता मुद्द्याचं. नुसत्या हिस्टोग्रामने, म्हणजे कुठल्या प्रकारचे ऑब्जेक्ट किती त्या यादीने, काही कळत नाही. जावा ८ मध्ये वरती कॅरेक्टर अ‍ॅरेच (मजकुराची अक्षरं) असतात, कुणाचाही डम्प घ्या. कामाचा आहे तो डॉमिनेटर ट्री (कोणता ऑब्जेक्ट कुणाला धरून आहे त्याची उतरंड) आणि त्यातले दोन रकाने. शॅलो हीप म्हणजे आमच्या काट्यावरच्या रिकाम्या ट्रकचं वजन, रिटेन्ड हीप म्हणजे मालासकट. तो ऑब्जेक्ट गेला तर एकूण किती जागा सुटेल, हे रिटेन्ड सांगतं. त्या रकान्याने उतरत्या क्रमात लावलं आणि सगळ्यात वर आला टॉमकॅटचा सेशन मॅनेजर, म्हणजे सेशन (एकेका लॉगिनची सर्व्हरने ठेवलेली नोंद) सांभाळणारा. त्याच्याखाली सेशनच सेशन, आणि प्रत्येकाच्या पोटात शेतकऱ्यांच्या खात्यांची अख्खी यादी.

काटा चालवणारी माणसं चार-पाच आणि सेशन एवढे कुठून? वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये सेशन टाइमआउट होता उणे एक, म्हणजे सेशन कधीच संपत नाही. कुणीतरी ‘सारखं लॉगिन मागतं’ अशी तक्रार केली असणार आणि त्यावर हा इलाज झाला. सर्व्हर यूपीएसवर, पण काट्यावरचे कॉम्प्युटर नाहीत. लाइट गेली की ते बंद, आली की नवं लॉगिन, नवा सेशन, नवी यादी. जुना तसाच पडून. लाइट जास्त वेळा गेली त्या दिवशी सर्व्हर लवकर पडायचा, यामागचं गणित हे. मॅटने हे वाक्य लिहून दिलं नाही, हेही सांगायला हवं. कोण धरून बसलंय, ते मॅट दाखवतं. का धरलंय, ते आपण काट्यावर जाऊन बघायचं.

टाइमआउट २४० मिनिटांचा केला, यादी सेशनमधून काढायला लावली. अहवाल पुढे ठेवल्यावर सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी वाद घातला नाही, हा मॅटचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

दुसरं प्रकरण सीएंना पाठवायच्या एक्सेलचं. तिथे गळती नव्हतीच. थ्रेड ओव्हरव्ह्यूमध्ये एकच थ्रेड फुगलेला दिसला आणि त्याच्या स्टॅक ट्रेसमध्ये (काम कुठे पोचलं त्याच्या नोंदीत) एक्सेल फाइल बनवणाऱ्या अपाचे पीओआय लायब्ररीचा एक्सएसएसएफ. तो अख्खं वर्कबुक मेमरीत बांधतो. त्याऐवजी एसएक्सएसएसएफ वापरला की मूळ सेटिंगप्रमाणे शंभरच ओळी मेमरीत राहतात, बाकीच्या डिस्कवर जातात. बदल थोड्या ओळींचा होता.

डम्प कुणाला पाठवताना मात्र जपून. त्यात शेतकऱ्यांची नावं, बँक खाते क्रमांक, डेटाबेसचा पासवर्डसुद्धा साध्या अक्षरांत सापडतो. सॉफ्टवेअरच्या कंपनीने ड्राइव्हवर टाका म्हटलं होतं, मी फक्त अहवालाची पानं दिली, तीही वाचून.

तक्रारी म्हणाल तर स्क्रीन पहिल्यांदा बघणाऱ्याला घाबरवते आणि ‘लीक सस्पेक्ट्स’चा अहवाल कधीकधी निष्पाप कॅशकडेही (मुद्दाम साठवून ठेवलेल्या डेटाकडेही) बोट दाखवतो. त्यावर थांबू नका, जीसी रूटपर्यंतचा (कचऱ्यात न जाणाऱ्या मूळ ऑब्जेक्टपर्यंतचा) मार्ग स्वतः उघडून बघा. मेटास्पेस भरणं किंवा नवा थ्रेड न बनणं, यात त्याची मदत तोकडी.

हीप आता ४ जीबीवर परत आणली आहे आणि वाचलेली रॅम मायएसक्यूएलला दिली. सॉफ्टवेअरच्या मधल्या एका अपडेटने टाइमआउट पुन्हा उणे एक करून ठेवला होता, तेव्हापासून अपडेट आलं की ती फाइल आधी उघडतो.