किब्बरची हिमबिबट्या मोहीम : हिवाळ्यात गेले, पावसाळ्यानंतर लिहिते आहे

गेल्या फेब्रुवारीत मी हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, किब्बर गावी, हिमबिबट्याच्या छायाचित्रणासाठी आखलेल्या एका मार्गदर्शित मोहिमेत सहभागी झाले होते. परतल्यावर लगेच लिहिलेला अभिप्राय बहुधा भारावलेला असतो, किंवा प्राणी दिसला नसेल तर चिडलेला. म्हणून मुद्दाम थांबले. आता पावसाळा उलटला आहे, छायाचित्रे सावकाश निवडून झाली आहेत, त्यांतली काही छापून भिंतीवर लागली आहेत आणि तेव्हा हौसेने घेतलेल्या सामानाचे ठाण्याच्या दमट हवेत काय होते तेही कळले आहे. आयोजकाचे नाव मी देणार नाही. तक्रारी आहेत त्या आयोजनाच्या पद्धतीबद्दल आहेत, आणि जे उत्तम होते त्याचे श्रेय जवळजवळ सगळे किब्बरच्या गावकऱ्यांना जाते.

इतक्या थंडीत हिवाळाच का निवडायचा, हे आधी सांगते. उन्हाळ्यात भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (रानबकरा) उंचावरच्या कुरणांत पांगलेले असतात आणि त्यांच्यामागोमाग हिमबिबट्याही वर जातो. बर्फ साचला की ही जनावरे चाऱ्यासाठी गावालगतच्या उतारांवर येतात आणि शिकारीही खाली उतरतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांच्या मीलनाचा हंगाम असल्यामुळे ते अधिक फिरतात, खडकांवर गंधखुणा सोडतात आणि एकमेकांना हाका घालतात; डरकाळी फोडता न येणाऱ्या या प्राण्याची ती लांबलेली हाक संध्याकाळी दरीतून ऐकू आली, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते कुत्रे वाटले होते.

२०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत आणि त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. तरीही मी स्पिती निवडले ते रस्त्यामुळे. लेहचे विमान आपल्याला समुद्रसपाटीवरून काही तासांत सुमारे ३५०० मीटरवर नेऊन सोडते. स्पितीला मात्र चंडीगडनंतर शिमला, रामपूर, कल्पा, ताबो असे टप्प्याटप्प्याने चढत जाता येते. मनालीकडचा कुंझुम खिंडीचा मार्ग हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे हा लांबचा किन्नौरचा रस्ता घेण्यावाचून गत्यंतर नसते आणि शरीराच्या दृष्टीने तेच बरे. खाबजवळ सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम लागतो, तिथून पुढे झाडे संपत जातात.

पहिली गंभीर तक्रार इथलीच आहे. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी, सुमारे ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहणातला सर्वमान्य संकेत आहे. किब्बर सुमारे ४२०० मीटरवर आहे, म्हणजे काझाहून, स्पितीतल्या मुख्य गावाहून, एका दिवसात तिथे पोहोचताना या मर्यादेला आपण स्पर्शच करतो. म्हणूनच आमच्या कार्यक्रमपत्रिकेत काझाला जादा मुक्काम होता. नाकोजवळच्या मलिंग नाल्यापाशी दरड आल्यामुळे एक दिवस गेला आणि तो भरून काढण्यासाठी आयोजकाच्या प्रतिनिधीने नेमका हाच मुक्काम रद्द केला. गटात नौपाड्याचे एक निवृत्त बँक अधिकारी होते, त्यांना सगळे काकाच म्हणत. काझाला त्यांनी रात्रीचे जेवण नाकारले, डोके धरून बसले आणि ‘काही नाही हो, प्रवासाचा शीण आहे’ असे म्हणत राहिले. प्रतिनिधीनेही ‘पाणी प्या काका, उतरेल’ एवढ्यावर भागवले. आम्हाला न्यायला किब्बरहून आलेल्या स्पॉटरने, म्हणजे प्राणी शोधून देणाऱ्या स्थानिक माणसाने, मात्र त्यांना दोन पावले सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितले, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि हे आज वर येणार नाहीत असे स्पष्ट बजावले. काका काझाला थांबले, तिथल्या डॉक्टरांना दाखवून दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन वर आले. ज्याला या गटाचा नेता म्हणून पैसे दिले होते त्याने हा निर्णय घेतला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

जाण्यापूर्वी मी ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर आणि इमारतीच्या जिन्यांवर पाठपिशवी घेऊन सराव केला होता. त्याने गुडघे आणि दम तयार होतात. विरळ हवेची सवय त्याने होत नाही. उंचीचा त्रास टाळण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यावी की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, गटातल्या उत्साही माणसाला विचारून नव्हे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे स्पॉटर. बिबट्या आम्हा ठाणेकरांना नवा नाही, पण येऊरचा बिबट्या रात्रीचा आणि झाडोऱ्यातला. किब्बरचा समोरच्या उघड्या डोंगरावर भरदिवसा पडलेला असतो आणि तरीही दिसत नाही. स्पॉटर उजाडण्यापूर्वीच वेगवेगळ्या धारांवर जाऊन बसतात आणि वॉकीटॉकीवर एकमेकांना कळवत राहतात. ते आधी बिबट्याला शोधत नाहीत, भरलांना शोधतात. कळप चरत असेल तर पुढे सरकतात. सगळ्या माना एकाच दिशेला वळलेल्या असतील तर तिथे थांबतात. ताज्या बर्फावरचा माग, पुढे झुकलेल्या खडकाखाली सोडलेला गंध, एकाच जागी घिरट्या घालणारी गिधाडे आणि कावळे, असे सगळे जुळवून ते डोंगराचा एक तुकडा निश्चित करतात आणि मग तेवढाच तुकडा स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीतून, इंचाइंचाने पाहतात.

पहिल्यांदा मला स्कोप लावून दिला तेव्हा मला फक्त दगड दिसले. आमच्या स्पॉटरने हातातल्या काठीने पायाजवळच्या बर्फात समोरच्या उताराचा नकाशा काढला: ही घळ, हा काळा पट्टा, इथे बर्फ संपतो, त्याच्या खाली दोन बोटे. मी पुन्हा डोळा लावला. तरीही दगडच. मग त्यांतल्या एका दगडाची शेपटी उचलली गेली, त्याच्याच नाकावरून फिरली आणि पुन्हा खाली ठेवली गेली. जवळजवळ मीटरभर लांबीची ती झुपकेदार शेपटी तो झोपताना तोंडावर पांघरतो, हे वाचून माहीत होते. स्पॉटर शांतपणे म्हणाला, ‘दीदी, अब तीन-चार घंटे सोएगा, चाय पी लो।’ आणि खरोखरच दुपार कलेपर्यंत तो जागचा हलला नाही.

छायाचित्रणाचे गणित इथेच समजून घ्यावे, कारण जाहिरातीतल्या छायाचित्रांवरून ते कळत नाही. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ६०० मिमीची लेन्स लावली तर ५०० मीटरवर चौकटीची रुंदी ३० मीटर असते. शेपूट सोडल्यास हिमबिबट्या साधारण एक मीटर लांब, म्हणजे चौकटीच्या तिसाव्या भागाएवढा. माझ्या ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तो पावणेतीनशे पिक्सेलांत मावतो आणि चांगल्या प्रतीच्या छपाईत जेमतेम एक इंचाचा येतो. लेन्सची पोच वाढवणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावला तर चौकट सुमारे २१ मीटरवर येते, पण एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो. त्यातच ऊन चढले की तापलेल्या खडकांवरून उठणारी हवा थरथरू लागते आणि मग कितीही महाग लेन्स असली तरी कडा विरघळतात. उपयोगाचा प्रकाश म्हणजे सकाळचा पहिला दीड तास आणि संध्याकाळचा शेवटचा, आणि त्याच वेळी बोटे बधिर झालेली असतात. बर्फामुळे कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते आणि सगळे करडे येते, म्हणून एक ते दीड स्टॉप वाढवून ठेवावे लागते.

‘नामांकित छायाचित्रकाराचे प्रत्यक्ष मार्गदर्शन’ हा पैशांचा मोठा भाग होता. त्या गृहस्थांनी हिस्टोग्राम (छायाचित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहायला छान शिकवले, हे मान्य करायला हवे. बाकी वेळ ते स्वतःच्या कॅमेऱ्यामागे होते. गट लहान असेल असे सांगून ऐनवेळी दोन गट एकत्र केले गेले होते, स्कोप मात्र एकच राहिला. परिणाम असा की दूरवर मादी उठून चालू लागली तेव्हा मागच्यांना ती स्कोपमधून दिसलीच नाही. ‘दर्शन नक्की’ असे जाहिरातीत लिहिणाऱ्याला किती जणांमागे एक स्कोप आहे, हे आधी विचारावे.

सर्वांत जवळचे दर्शन चिचमच्या पुलाकडच्या घळीत झाले. मादीने भरल मारले होते. अशी शिकार सापडली की बिबट्या काही दिवस तिच्या आसपास राहतो, त्यामुळे बातमी पसरली आणि दुसऱ्या दिवशी इतर घरांतले पाहुणेही आले. कड्यावर ट्रायपॉडची रांगच लागली. दुसऱ्या एका गटातले दोघे खालच्या धारेवर उतरू पाहत होते, कारण तिथून झुडूप आड येत नव्हते. मादीने खाणे थांबवून मान वर केली. आमच्या स्पॉटरने त्या दोघांना दंडाला धरून वर आणले आणि बर्फात काठीने रेघ ओढून सांगितले की या रेघेपुढे कोणी गेले तर आज सगळेच परत जातील. तासाभराने ती पुन्हा खाऊ लागली. त्या रेघेमागून घेतलेलीच माझी सर्वांत चांगली छायाचित्रे आहेत.

राहण्याबद्दल थोडक्यात. मातीच्या जाड भिंतींचे घर, मध्यभागी लोखंडी शेगडी, जिला तिथे तंदूर म्हणतात, आणि तिच्याभोवती सगळ्यांचे जेवण, गप्पा, मोजे वाळवणे. निजायच्या खोलीत शेगडी नव्हती. रात्री उशाशी ठेवलेले पाणी गोठत असे. नळ बंद, आंघोळ नाही. शौचालय कोरडे, वापरल्यावर वरून माती लोटायची. त्याला वास येत नाही, पण रात्री अंगणातून जावे लागते, हे महिलांनी गृहीत धरून यावे; ओले टिश्यू गोठून विटेसारखे होतात, ते शरीराजवळच्या खिशात ठेवावेत. बॅटऱ्यांचेही तेच. बाहेरून आल्यावर कॅमेरा उघडा ठेवून तंदूरपाशी नेला की त्याच्यावर आणि आतही बाष्प धरते. तो बाहेरच पिशवीत बंद करून आत आणावा आणि पिशवी दोन तास उघडू नये. घरच्या ताईंनी केलेला थुकपा (नूडल्सचे सूप) आणि राजमा-भात याबद्दल तक्रारीला जागा नाही.

आता महिन्यांनंतरचे. परतल्यावर ज्या छायाचित्रांवर मी खूश होते, म्हणजे बारीक कातरून प्राणी मोठा केलेली, ती सगळी निवडीतून बाद झाली. पडद्यावर ती चालली, छापल्यावर पिठूळ दिसली. टिकली ती संपूर्ण कडा दाखवणारी, ज्यांत बिबट्या शोधावा लागतो. पुढच्या वेळी सर्वांत लांब लेन्सइतकेच महत्त्व मी १००-४०० मिमीच्या लेन्सला देईन. लांब लेन्स मी मुंबईतून भाड्याने घेतली होती आणि तो निर्णय योग्य ठरला, कारण जूनपासून माझ्या स्वतःच्या लेन्सनाही बुरशीपासून वाचवण्यासाठी आर्द्रतारोधक कपाट घ्यावे लागले. पिसांचे जाड जॅकेट दाबून पिशवीत ठेवले तर दमटपणाने त्याचा फुगवटा जातो. ते आता कपाटात सैल टांगलेले आहे आणि दर पंधरा दिवसांनी पंख्याखाली येते. बुटांबाबत काटकसर करू नये. हातमोज्यांत मात्र सर्वांत महाग जोडी निरुपयोगी ठरली, कारण तिच्यातून शटरचे बटण लागतच नव्हते. आत पातळ आणि वरून दुमडता येणारे जाड, अशी साधी जोडगोळी कामाला आली.

खर्च माणशी लाखाच्या पुढे गेला. त्यातला किती गावापर्यंत पोहोचला, हे मी परत आल्यावर घरच्या ताईंना फोनवर विचारले. उत्तर ऐकून आयोजकाचा वाटा मला भारी वाटला. याच गावाने, नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या वन्यजीव संशोधन संस्थेच्या चारुदत्त मिश्रा आणि सहकाऱ्यांबरोबर, १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कुरणाचा काही भाग गुरांपासून मोकळा ठेवला, जेणेकरून भरलांना चारा मिळावा. बिबट्याने मारलेल्या गुरांसाठी गावाचाच विमाही उभा राहिला. आज आपण पाहायला जातो तो प्राणी तिथे टिकून आहे त्यामागे हे आहे, आणि त्या घरांना प्रत्येक पाहुण्यामागे पुरेसे मिळावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

मी पुन्हा जाणार आहे, पण मोठ्या गटातून नाही. त्याच घरी आणि त्याच स्पॉटरशी थेट बोलणे झाले आहे, काका आणि ऐरोलीची एक मैत्रीण बरोबर आहेत, आणि काझाचा जादा मुक्काम काकांनी स्वतः कागदावर लिहून घेतला आहे. लेन्सची नोंदणी मात्र दिवाळीपूर्वीच करावी. फेब्रुवारीत ६०० मिमीच्या लेन्स मुंबईत भाड्याने मिळणे अवघड होते आणि उशिरा जाणाऱ्याला जी उरेल ती घ्यावी लागते.