म्हापशाचा चावीवाला: आधी तपासणी, मग चावी

डिचोली-साखळी भागात कोणाच्या गाडीच्या रिमोट चावीने दगा दिला, तर मी आता एकच ठिकाण सांगते. म्हापशाच्या मार्केटच्या मागच्या अंगाला, कुलपं-बिजागऱ्यांच्या दुकानांच्या ओळीत, शटरवर पिवळी चावी रंगवलेलं एक छोटं दुकान आहे. नावाची पाटी नाही. मालक मूळचे बेळगावचे, चाळिशीच्या आतबाहेरचे, आणि बोलणं अजून अस्सल बेळगावी. चावी करून देणारे गोव्यात पुष्कळ आहेत. हे गृहस्थ मुळात नवी चावी लागणार आहे का ते आधी बघतात आणि लागणार नसेल तर तसं सांगून मोकळे होतात. त्यासाठीच मी हे लिहितेय.

आमची गाडी जुनी, बटण दाबलं की पातं बाहेर येतं अशा चावीची. यंदाच्या पावसात तिने त्रास द्यायला सुरुवात केली. चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायचं आणि दोन सेकंदांत बंद पडायचं, डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहायचा. थोडं थांबून परत फिरवली की चालू. सासऱ्यांना डायलिसिससाठी बांबोळीला न्यावं लागतं. ठरलेल्या वेळेला मशीन मिळालेलं असतं, तिथे ‘थोडं थांबून’ चालत नाही. एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं, तर त्यांनी चावी हातातही न घेता सांगितलं की दोन्ही चाव्या आणि इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारी यंत्रणा) असा अख्खा सेट बदलावा लागेल, पंधरा हजारांच्या पुढे खर्च जाईल आणि माल यायलाही वेळ लागेल. नेमकं बिघडलंय काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘सेटच बदलतात मॅडम.’ मला ते पटलं नाही. न तपासता औषध देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही.

म्हापशात त्या दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न आला, ‘दुसरी चावी आणलाय नव्हं, वैनी?’

आणली होती. ती का हवी, हे त्यांनी काम करता करता समजावलं. अशा चावीत खरं तर तीन वेगळ्या वस्तू असतात. एक, धातूचं पातं, ते कुलूप फिरवतं. दुसरी, एक बारकी चीप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या भोकाभोवती तारेचं एक कडं असतं, ते बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी चीपला जागं करतं, चीप आपली ओळख सांगते आणि ती पटली तरच इंजिन चालू राहतं. तिसरी वस्तू म्हणजे रिमोट. तो सेलवर चालतो, आपल्याकडे बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, आणि त्याचं काम फक्त दारं उघडण्या-लावण्याचं. म्हणजे सेल संपला तरी आमच्यासारखी गाडी चालू होते. उलट रिमोटने दारं झकास उघडतात म्हणून ती चालू होईलच असं नाही. इतकी साधी गोष्ट सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कोणी सांगितली नव्हती.

दोन्ही चाव्या त्यांनी हाताएवढ्या एका यंत्रावर ठेवल्या. दोन्हींतली चीप वाचली गेली, दोन्ही रिमोटचा सिग्नल आला. मग गाडीत बसून दोन्ही लावून पाहिल्या, तर तोच दिवा आणि तसंच बंद पडणं. ‘दोन्ही चाव्या एकदम कशा बिघडतील? दुखणं गाडीत हाय,’ म्हणाले आणि स्टेअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर खोललं. इग्निशनभोवतीचं ते काळं कडं काढून त्याचा जोड मला दाखवला. आतल्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता, आणि एक पीन किंचित सैल झाली होती. आपल्या हवेत तांब्या-पितळेचं हेच होतं, देवघरातल्या भांड्यांवरून सगळ्यांना माहीत आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बारीक ब्रशने पिना पुसल्या, सैल पीन चिमट्याने आवळली, जोड घट्ट बसवला. मग बराच वेळ गाडी चालू-बंद, चालू-बंद करत बसले. दिवा एकदाही लुकलुकला नाही. पैसे घेतले चारशे. नंतर चवथ झाली, दिवाळी झाली, गाडीने अजून तक्रार केलेली नाही.

मी तिथे असतानाच कळंगुटहून एक मुलगा आला, भाड्याने गाड्या देणाऱ्याकडे कामाला असलेला. गाडी काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली. गिऱ्हाईक खिशात चावी घेऊन समुद्रात उतरलं होतं आणि नंतर ती तशीच उन्हात वाळवली होती. चावी उघडली तर सर्किटवर पांढरी-हिरवी खपली आलेली, सेलच्या पट्ट्या खाऊन गेलेल्या. पण चीप वेगळी होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी काचेची नळी, आणि ती शाबूत. मालकांनी ती आणि पातं साध्या कवचात बसवून दिलं. म्हणाले, गाडी यावर चालू होईल, दारं हाताने उघड, रिमोट लागलाच तर नंतर कर. (काही गाड्यांत चीप सर्किटवरच असते, तिथे हा उपाय नाही.) किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: चावी खाऱ्या पाण्यात पडली तर लगेच सेल काढायचा, चावी गोड्या पाण्याने धुवायची आणि मग सुकवायची. मीठ आत राहिलं की सर्किट गेलंच.

त्यांचं काम आवडल्यामुळे पुढे एक जादा चावीही त्यांच्याकडूनच करून घेतली, ३,२०० रुपयांत. आधी आरसी आणि लायसन्स पाहिलं, गाडीचा नंबर वहीत लिहिला. कोणीही यावं आणि कोणाच्याही गाडीची चावी करून न्यावी असं तिथे चालत नाही, हे मला फार बरं वाटलं. पातं कापताना दोन्ही चाव्यांतली कमी झिजलेली नमुन्याला घेतली, कारण झिजलेल्या चावीवरून कापलं की झीजही उतरते. मग स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या पोर्टला यंत्र जोडून नवी चीप गाडीला ओळखायला लावली. काही गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुन्या पुसल्या जातात, म्हणून घरातल्या सगळ्या चाव्या सोबत नेलेल्या बऱ्या. चावी हरवली असेल तर ती गाडीच्या स्मृतीतून काढून टाकायलाही सांगा.

दिरांच्या बटण-स्टार्ट गाडीत ‘चावी सापडत नाही’ असा संदेश यायचा, तेही इथेच सुटलं. दुसरीकडे कोणीतरी सीआर २०३२ सेलच्या जागी सीआर २०२५ घातला होता. दोन्ही ३ व्होल्टचे, रुंदीही तीच २० मिलिमीटर. शेवटचे दोन आकडे जाडीचे: एक ३.२ मिलिमीटर, दुसरा २.५. पातळ सेल खाचेत सैल बसतो आणि गाडी हादरली की संपर्क तुटतो. योग्य सेल घालून पन्नास रुपये घेतले. सेल अगदीच संपला तर बऱ्याच गाड्यांत रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी चालू होते, आणि रिमोटच्या पोटात दार उघडायला छोटं पातं लपवलेलं असतं. हे त्यांनी दिरांना गाडीत बसवून करून दाखवलं. चार्जिंगला लावलेला मोबाईल चावीला चिकटून ठेवू नका, असंही बजावलं.

आता खटकलं ते. नव्या चावीचं कवच कंपनीचं नाही. बटणं जरा कडक आहेत, आणि कुलपाचं चित्र आताच पुसट व्हायला लागलंय. महागड्या जर्मन गाड्यांच्या सगळ्या चाव्या हरवल्या असतील तर ते काम घेत नाहीत, सरळ कंपनीकडे पाठवतात. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. ते मागाच, कारण विम्यात चावी बदलण्याचं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर दाव्याला पावती लागते. आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून जुनी चावी बिघडली तरी फेकू नका.

दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागाच नसते, आणि त्यांना तर गाडी दुकानासमोर हवी असते. मधल्या वारी सकाळी दहाच्या सुमारास जा. फोनवर भाव विचारून उपयोग नाही, गाडी बघितल्याशिवाय ते आकडा सांगत नाहीत.