एकच फॉरेक्स कार्ड, दोन सहली: युरोपात उजवं, थायलंडात डावं

मल्टि-करन्सी फॉरेक्स कार्ड, म्हणजे अनेक परदेशी चलनं आधी भरून ठेवायचं प्रीपेड कार्ड, घेऊन आता बरेच महिने झाले. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली केलं, दिवाळीनंतर बहिणीबरोबर थायलंडला गेले. पहिल्या सहलीत जवळजवळ सगळा खर्च याच कार्डावर झाला. दुसऱ्या सहलीत मात्र ते बहुतेक वेळ पाकिटातच राहिलं. त्यामुळे कुणी 'फॉरेक्स कार्ड घेऊ का?' असं विचारलं की मी आधी उलट विचारते, जाताय कुठे?

बडोद्यात चलन बदलून देणाऱ्या दुकानांना तोटा नाही. नातेवाईक अमेरिका-कॅनडात असलेली घरं इथे इतकी, की अलकापुरी-सयाजीगंजात थोडं फिरलं तरी दोन-तीन भाव सहज मिळतात. काउंटरवर पहिलं वाक्य ठरलेलं: 'बेन, कमिशन झीरो छे.' ते खोटं नसतं, पण दुकानाची कमाई दरात असते. म्हणून मी कमिशनचं विचारतच नाही. त्या क्षणाचा युरोचा दर मोबाइलवर बघायचा, दुकानदाराकडून नोटांचा आणि कार्डाचा असे दोन्ही दर कागदावर लिहून घ्यायचे आणि फरक शेकडा किती पडतो ते तिथेच काढायचं. नोटा बाहेरून आणायच्या, सांभाळायच्या, त्यांचा विमा उतरवायचा, हा खर्च दुकानाला असतो, म्हणून नोटांचा दर महाग. कार्डाचा दर मला दरवेळी त्याहून बरा मिळाला. आधीच्या दुकानाचा भाव हातात असला की पुढचा दुकानदार आपणहून काही पैसे खाली येतो. वर जीएसटी लागतो, पण तो किरकोळ: एक लाखाच्या चलनावर 180 रुपये.

याची तुलना साध्या क्रेडिट कार्डाशी करा. बहुतेक कार्डांवर परदेशी खर्चाला 3.5 टक्के मार्कअप (बँकेचा वरचा आकार) आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे लाखामागे 4,130 रुपये. मार्कअप नसलेली कार्डंही आता मिळतात, आणि ज्याच्याकडे असं कार्ड आहे त्याने फॉरेक्स कार्ड नाही घेतलं तरी काही बिघडत नाही. मला मात्र आई-बाबांच्या हातात प्रीपेड कार्डच द्यायचं होतं. ते बचत खात्याला जोडलेलं नसतं, त्यामुळे हरवलं तरी धोका भरलेल्या रकमेपुरताच. कार्ड आलं त्याच पाकिटात दुसरं जास्तीचं कार्डही होतं. एक बाबांच्या आतल्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये. सत्तरीच्या माणसाला परक्या देशात स्वतःच्या हाताने पाण्याची बाटली घेता यावी, दर वेळी मुलीकडे हात पसरावा लागू नये, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. बाबा दुसऱ्या दिवसापासून दुकानात पुढे होऊन कार्ड टेकवत होते.

युरोपात सगळ्यात जास्त सांभाळायची गोष्ट मशीनच्या पडद्यावर असते. रोममध्ये जेवण झाल्यावर वेटरने मशीन आईसमोर धरलं. वर 58 युरो, खाली तीच रक्कम रुपयांत, आणि रुपयांच्या बाजूला ठळक हिरवं बटण. 'अगं, हे तर आपल्या रुपयांत विचारतंय, बरंच झालं की!' आई म्हणाली. मी तिला युरोवर बोट ठेवायला लावलं. रुपये निवडले तर दर आपल्या कार्डाचा लागत नाही, त्या मशीनवाल्याचा लागतो, आणि तो कधीच आपल्या सोयीचा नसतो. त्यात कार्डात युरो भरलेले असतील तर जास्तच नुकसान. बिल रुपयांत बनतं, ते चुकवायला कार्डातले युरो पुन्हा रुपयांच्या हिशेबाने फिरतात, आणि त्यावर क्रॉस-करन्सीचा, म्हणजे भरलेल्या चलनाऐवजी दुसऱ्या चलनात खर्च केल्याचा, आकार बसतो, तोही साडेतीन टक्क्यांपर्यंत. एटीएमवरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. तिथे 'विदाउट कन्व्हर्जन' दाबायचं. घरून निघण्याआधी आई-बाबांना मी एवढंच पाठ करून घेतलं होतं: ज्या देशात उभे आहोत त्या देशाचं चलन निवडायचं.

स्वित्झर्लंडसाठी फ्रँक वेगळे भरले होते. युरोप म्हणजे सगळीकडे युरो, असं धरून लोक एकच चलन भरतात, मग ल्युसर्न आणि युंगफ्राऊच्या भागात प्रत्येक बिलावर क्रॉस-करन्सी चार्ज भरत बसतात. प्रागला जाणार असाल तर क्राउन, बुडापेस्टला फोरिंट. ही चलनं सगळ्या कार्डांत नसतात, ते आधी विचारा.

रोख थोडी लागतेच. स्वच्छतागृहाला नाणी लागली, आणि इटलीत हॉटेलचा शहर कर माणशी, रात्रीमागे वेगळा द्यावा लागतो, तो आमच्याकडे रोखच मागितला. सुट्टे युरो बाबांनी डब्यात वेगळे ठेवले होते, ते पुरले. यूपीआयच्या भरवशावर मात्र जाऊ नका. आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ते फेब्रुवारी 2024 पासून चालतं, पण खाली कोपऱ्यावरच्या बेकरीत ब्रेड घ्यायला नाही.

मनस्ताप झाला तो रीलोडचा. शुक्रवारी रात्री फ्लॉरेन्सहून अ‍ॅपवर पैसे भरले, खात्यातून लगेच वजा झाले, कार्डावर दिसले सोमवारी. उन्हाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यामुळे तिथे संध्याकाळी सात वाजता इकडे रात्रीचे साडेदहा, आणि बँकेच्या मदत क्रमांकावर नुसतं संगीत. वडीलधारी माणसं सोबत असताना असं ताटकळणं मला अजिबात मान्य नाही. पैसे निघण्याआधी पुरेसे भरा आणि एक क्रेडिट कार्ड जवळ असू द्या. त्याचा आंतरराष्ट्रीय वापर अ‍ॅपमधून चालू करून ठेवायचा. ओटीपी यावा म्हणून आपलं सिमही चालू हवं.

क्रेडिट कार्ड आणखी एका कामाला लागतं: हॉटेलची अनामत आणि भाड्याची गाडी. फॉरेक्स कार्डावर अनामत धरली की तेवढे पैसे अडकतात आणि सुटायला बरेच दिवस जातात. सहलीत तेच पैसे खर्चायचे असतात, ते अडकवून चालत नाही.

थायलंडला गणित उलटं झालं. माझ्या कार्डात तिथलं चलन, बाट, नव्हतं, शिवाय बाजार, टुकटुक, रस्त्यावरचं खाणं, सगळं रोखीत. एटीएमवर भारतीय कार्डाला दर वेळी 220 बाट किंवा अधिक आकार, मग काढा थोडे किंवा जास्त. बडोद्यात बाटचा भाव मला महाग वाटला, म्हणून शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा नेल्या. तिथे मोठ्या नोटांना छोट्यांपेक्षा चांगला दर मिळतो, आणि फाटकी किंवा लिहिलेली नोट बाजूला सारतात. सुवर्णभूमी विमानतळावर आगमन कक्षातल्या खिडक्यांपेक्षा तळघरात, शहराच्या रेल्वेजवळच्या खिडक्यांवर दर स्पष्टपणे बरा होता. बॅग ओढत खाली जायचे कष्ट वसूल झाले. मॉलमध्ये मात्र क्रेडिट कार्ड चाललं.

रोखीला मर्यादा आहे. बहुतेक देशांसाठी एका सहलीला नोटांमध्ये 3,000 डॉलरएवढंच चलन नेता येतं, बाकीचं कार्डावर. दुकानदाराला रुपये रोख द्यायचे तर 50,000 पर्यंतच, त्यापुढे बँकेतून. बिल आणि पॅनची नोंद मागून घ्या, बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

परत आल्यावर कार्डात थोडे युरो उरले. दुकानात विकायला गेले तर विकत घेण्याचा दर विकण्याच्या दरापेक्षा बराच खाली होता, म्हणून मोडले नाहीत. 2,000 डॉलरपर्यंतचं चलन जवळ ठेवता येतं, त्याच्या वरचं परतल्यापासून 180 दिवसांत परत करावं लागतं. नाणी कुणीच घेत नाही, ती तिथेच शेवटच्या दिवशी विमानतळावर चहाला संपवावीत. उरलेल्या रकमेवर बरेच महिने व्यवहार नसेल तर काही बँका शुल्क कापतात, त्यामुळे कार्ड देणाऱ्याकडून ती अट लेखी घ्या.