डेबियन १३ आणि प्लाझ्मा ६ : अपग्रेडनंतर सेटिंग्जमध्ये आलेले एरर, आणि काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत

डिसेंबरपासून डेबियन १३ (लिनक्सवरची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) वापरतोय, घरच्या लॅपटॉपवर आणि गावातल्या वाचनालयाच्या दोन डेस्कटॉपवर. तिन्हीकडे आधी डेबियन १२ होतं, तिन्हीकडे केडीई प्लाझ्मा (म्हणजे समोर दिसणारा डेस्कटॉप, पॅनेल आणि सेटिंग्ज), आणि कुठेच फॉरमॅट मारून नवीन टाकलं नाही, आहे त्यावरच अपग्रेड केलं. आधीच सांगतो, मी खूश आहे आणि परत मागे जाणार नाही. पण सुरुवातीला सिस्टिम सेटिंग्जने जो काही गोंधळ घातला तो बघून बरेच जण "अपडेटने वाट लावली" म्हणत सगळं पुसून परत इन्स्टॉल करतात, आणि त्याची गरज बहुतेक वेळा अजिबात नसते, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

मुळात ही उडी लहान नाहीये. डेबियन १२ आलं १० जून २०२३ ला, १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला, आणि मधल्या काळात कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१ चा ६.१२ झाला आणि प्लाझ्मा ५.२७ चा थेट ६.३. प्लाझ्मा ५ मधून ६ मध्ये जाणं म्हणजे ज्यावर प्लाझ्मा बांधलाय ती खालची क्यूटी लायब्ररीच ५ ची ६ होणं, म्हणजे डेस्कटॉपचा पायाच बदलला. अपग्रेड स्वतः व्यवस्थित झालं, पॅकेजेस उतरली, रीस्टार्ट झालं, लॉगिन स्क्रीन आली. गंमत सुरू होते त्याच्यानंतर.

लॅपटॉपवर काय झालं तर सिस्टिम सेटिंग्ज उघडायचं पण थीमचं पान क्लिक केलं की उजवीकडे नुसता एरर, अमुक मॉड्यूल इन्स्टॉल नाही म्हणून. पॅनेलवर हवामानाचं एक विजेट होतं त्याच्या जागी "हे विजेट प्लाझ्माच्या जुन्या व्हर्जनसाठी लिहिलंय" असा मेसेज. मधेच सेटिंग्जची विंडो आपोआप बंद. हे सगळं बघून कुणालाही वाटणार की पॅकेजेस अर्धवट बसलीत. मीही आधी तेच तपासलं, एपीटीला तुटलेली पॅकेजेस दुरुस्त करायला सांगितलं, डीपीकेजीला राहिलेलं कॉन्फिगर करायला सांगितलं (दोन्ही डेबियनच्या पॅकेजेस बसवणाऱ्या कमांड), दोघांनीही सांगितलं काही राहिलेलं नाही.

मग जे केलं ते प्रत्येकाने सगळ्यात आधी करावं असं माझं ठाम मत आहे. टर्मिनलमधून एक नवीन युजर बनवा, लॉगआउट करा, त्या नवीन युजरने लॉगिन करा आणि तिथे सिस्टिम सेटिंग्ज उघडा. पाच मिनिटांचं काम. तिथे सगळी पानं नीट उघडली तर तुमची सिस्टिम ठणठणीत आहे आणि बिघाड फक्त तुमच्या होम फोल्डरमध्ये (तुमच्या स्वतःच्या फाइली आणि सेटिंग्ज असतात तो) आहे, आणि तिथेही तोच एरर आला तरच पॅकेजेसच्या मागे लागायचं. माझ्याकडे नवीन युजरमध्ये सगळं लख्ख चाललं. घराला नवा रंग दिला तरी भिंतीतले जुने खिळे तिथेच राहतात तसं आहे हे, अपग्रेड सिस्टिमचे फोल्डर बदलतं पण तुमच्या होमला हात लावत नाही, आणि लावूही नये.

होममध्ये दोषी कोण ते शोधायला फार वेळ लागत नाही. नंतर कधीतरी डाउनलोड करून टाकलेल्या थीम आणि विजेट डॉट लोकल (डॉटने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात) फोल्डरच्या आत शेअर, त्याच्या आत प्लाझ्मा, अशा फोल्डरमध्ये बसतात, विंडोचे इफेक्ट शेजारच्या केविन (प्लाझ्माचा विंडो सांभाळणारा भाग) फोल्डरमध्ये. प्लाझ्मा ५ साठी लिहिलेल्या या गोष्टी प्लाझ्मा ६ मध्ये तशाच्या तशा चालत नाहीत, आणि सेटिंग्जचं थीमवालं पान त्या वाचायला जातं आणि अडखळतं. मी दोन्ही फोल्डरची नावं बदलून शेवटी "जुनं" जोडलं, डिलीट काही केलं नाही, डॉट कॅशे फोल्डर रिकामा केला, परत लॉगिन, आणि सगळी पानं उघडली. हवामानाच्या विजेटचं नवं व्हर्जन आलेलंच होतं ते टाकलं. नाव बदलायची सवय फार कामाची आहे, कारण हवी असलेली एखादी फाइल नंतर तिथून उचलता येते.

याच्याच जोडीचा दुसरा प्रकार म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या ॲपना लागू होणारी नाव-किंमत अशी सूचना. पूर्वी कुठल्यातरी ॲपचं रूप नीट दिसावं म्हणून बरेच जण लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या प्रोफाइल फाइलमध्ये क्यूटी ५ ची थीम वापरायला सांगणारी एक ओळ टाकून ठेवतात. क्यूटी ६ ला ती काही कळत नाही, मग आयकॉन गायब, रंग विचित्र, डार्क थीम अर्धीच लागलेली. ती ओळ काढली की झालं.

आता एक गोष्ट जी एरर नाही पण वाचनालयात सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याच आल्या. आधी फोल्डर एका क्लिकने उघडायचे, अपग्रेडनंतर दोन क्लिक लागायला लागले, आणि तिथे येणारे बरेचसे वाचक साठीच्या पुढचे, एकदा क्लिक करून वाट बघत बसायचे आणि कॉम्प्युटर हँग झालाय म्हणायचे. कुणी सेटिंग बदललेलं नव्हतं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. केडीई तुमच्या सगळ्या सेटिंग्ज फाइलमध्ये लिहीत नाही, फक्त डिफॉल्टपेक्षा वेगळं तुम्ही काय केलंय तेवढंच लिहितं, त्यामुळे ज्याला तुम्ही कधी हातच लावला नाही ते डिफॉल्टवर चालत असतं, आणि प्लाझ्मा ६ ने डबल क्लिक हे डिफॉल्ट केलं. म्हणजे तुमची सेटिंग हरवली नाही, ती कधी लिहिलेलीच नव्हती. जनरल बिहेवियरच्या पानावर जाऊन सिंगल क्लिक निवडलं की काम झालं. सिस्टिम सेटिंग्जच्या मेनूमध्ये बदललेल्या सेटिंग्ज हायलाइट करायची सोय आहे, ती चालू केली की ज्या पानावर तुम्ही डिफॉल्टपेक्षा वेगळं काही ठेवलंय तिथे खूण दिसते. अपग्रेडच्या आधी ही खूण बघून दोन मिनिटांत यादी करून ठेवा, नंतर काय बदललं हे शोधत बसावं लागत नाही.

मराठी टायपिंगवर मात्र मला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी हे वाचाच. मी आधी एक्स ११ सेशनमध्ये होतो, आता वेलँडमध्ये आलो (स्क्रीनवर विंडो दाखवायची ही अनुक्रमे जुनी आणि नवी पद्धत). नुसता इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड) वापरत असाल तर काही त्रास नाही, कीबोर्डच्या पानावर लेआउट जोडताना भारतीयमध्ये मराठीचा एनहान्स्ड इनस्क्रिप्ट आहे तो घ्यायचा आणि झालं. पण वाचनालयात नोंदी करणाऱ्या ताई फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायची पद्धत) वापरतात, त्यासाठी एफसीआयटीएक्स ५ हे टायपिंगचं सॉफ्टवेअर लावलेलं, आणि अपग्रेडनंतर कुठे मराठी उमटायचं, कुठे नाही, आणि लॉगिन केलं की दर वेळी एक लांबलचक नोटिफिकेशन. ते नोटिफिकेशन न वाचता बंद करू नका, उत्तर त्यातच लिहिलेलं आहे. वेलँडमध्ये एफसीआयटीएक्स स्वतःहून सुरू होऊन चालत नाही, ते केविनने सुरू करायला लागतं, आणि त्यासाठी सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्डचं पान उघडून तिथे एफसीआयटीएक्स निवडायचं. व्हर्च्युअल कीबोर्ड म्हटल्यावर स्क्रीनवरचा कीबोर्ड असेल असं वाटून त्या पानाकडे कुणी फिरकतच नाही, पण जागा तीच आहे. त्यानंतर जीटीके (क्यूटीसारखीच ॲप बनवायची दुसरी लायब्ररी) आणि क्यूटीच्या इनपुट मॉड्यूलची दोन जुनी व्हेरिएबल जिथून सेट होतात तिथून काढायची, एक्समॉडिफायर्स नावाचं व्हेरिएबल तेवढं एक्स ११ वरच्या जुन्या ॲपसाठी राहू द्यायचं. एवढं केल्यावर ताईंचं काम पहिल्यासारखं सुरू झालं आणि आजपर्यंत एकदाही अडलेलं नाही.

अजून एक. कीबोर्ड लेआउटमध्ये स्वतःला हवे तसे बदल करून घेणारे लोक बऱ्याचदा यूएसआर या सिस्टिमच्या फोल्डरमधली एक्सकेबीची (कीबोर्ड लेआउट ठरवणाऱ्या भागाची) मूळ फाइलच बदलतात, घरच्या लॅपटॉपवर तसं केलेलं होतं. यूएसआरमधलं सगळं पॅकेजच्या मालकीचं असतं, अपग्रेडमध्ये ते नव्याने लिहिलं जाणारच आणि त्याबद्दल तुम्हाला विचारलंही जाणार नाही. वेलँडमध्ये हेच बदल होममध्ये डॉट कॉन्फिगच्या आत एक्सकेबी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवता येतात, तिथे कुठलंही अपग्रेड हात लावत नाही. आता माझं तिथेच आहे.

गाजावाजा न करता बदललेल्या सेटिंग्जकडे खास लक्ष द्या, कारण त्यांचा एरर येतच नाही. ईटीसी या सिस्टिम सेटिंग्जच्या फोल्डरमधली सिससीटीएल डॉट कॉन्फ ही कर्नलच्या सेटिंग्जची फाइल डेबियन १३ मध्ये बूट होताना वाचलीच जात नाही, त्यात स्वॅपिनेस (रॅममधला डेटा डिस्कवर किती लवकर हलवायचा तो आकडा) वगैरे काही लिहिलेलं असेल तर ते सिससीटीएल डॉट डी फोल्डरमध्ये डॉट कॉन्फने संपणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये न्यायला लागतं. जुन्या डेस्कटॉपवर रॅम कमी म्हणून स्वॅपिनेस १० ठेवलेला, तो परत ६० वर गेला होता आणि मशीन जड वाटायला लागलं एवढंच लक्षण. दुसरं म्हणजे टेम्प फोल्डर (तात्पुरत्या फाइलींचा) आता डिस्कवर नाही, रॅममध्ये असतो, जास्तीत जास्त निम्मी रॅम. ८ जीबीच्या मशीनवर मोठमोठ्या पुस्तकांचे स्कॅन चालू असताना जागा संपली असा मेसेज आला आणि डिस्क तर अर्धी रिकामी, तेव्हा हेच कारण होतं. सिस्टिमडीमध्ये (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या भागात) टेम्पचं माउंट मास्क म्हणजे पूर्ण बंद करून रीबूट केलं की जुनी पद्धत परत येते. दोन्ही गोष्टी डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेल्या आहेत. त्या नोट्स इतक्या चांगल्या असतात की अपग्रेडच्या आधीची एक संध्याकाळ त्यांना द्यावीच.

अपग्रेड चालू असताना "तुमची फाइल ठेवू की नवीन घेऊ" असं विचारतात तिथे तुम्ही काहीही निवडलं तरी दुसरी प्रत शेजारी ठेवलेली असते, नावात डीपीकेजी असतं. नंतर निवांत बसून ईटीसीमध्ये अशा फाइली शोधा आणि फरक बघा, कुठलीतरी सर्व्हिस का चालू होत नाही त्याचं उत्तर बऱ्याचदा तिथे सापडतं.

डिस्प्लेबद्दल थोडक्यात. वेलँडमध्ये १२५ टक्के स्केलिंग फारच छान दिसतं, एक्स ११ च्या काळात मराठी अक्षरांच्या वेलांट्या कापल्यासारख्या दिसायच्या ते आता नाही. पण एक्स ११ वरची जुनी ॲप धूसर दिसली तर डिस्प्लेच्या पानावर लेगसी ॲप्लिकेशन्सचा पर्याय आहे, तिथे ॲपला स्वतःच स्केल करू द्यायचं. मराठीला भलताच फॉन्ट येत असेल तर एफसी-मॅच या कमांडला मराठी भाषा देऊन विचारा, सिस्टिम कुठला फॉन्ट उचलतेय ते लगेच सांगतं, मग फॉन्टकॉन्फिगची (फॉन्ट निवडणाऱ्या भागाची) होममधली जुनी फाइल बघायची.

नेटवर उपाय शोधताना तारीख बघत जा. निम्मे उपाय प्लाझ्मा ५ चे असतात, त्यातली कमांड चालत नाही आणि माणूस घाबरतो की हेही बिघडलं. सेटिंग्जचं एकच पान सुटं उघडणारी केसीएमशेल ५ ही कमांड होती ती आता केसीएमशेल ६ आहे, आणि ती टर्मिनलमधून चालवली की पान का बिघडतंय त्याचा खरा एरर समोर छापून येतो. मला वाटतं अंदाजाने दहा गोष्टी करून बघण्यापेक्षा ती एक ओळ वाचणं जास्त फायद्याचं.

एवढं सगळं निस्तरलं सुरुवातीच्या काही दिवसांत. त्यानंतर आजपर्यंत तिन्ही मशीन रोज चालतात, सिक्युरिटी अपडेट येतात, आणि सेटिंग्जचं एकही पान परत बिघडलेलं नाही. नाइट लाइट, बॅटरीचं पान, ब्लूटूथ, सगळं आधीपेक्षा चांगलं झालंय. तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि त्यावर दोन वर्षं एलटीएस (लांबवलेला सुरक्षा सपोर्ट), म्हणजे वाचनालयासारख्या ठिकाणी, जिथे कॉम्प्युटरवाला बोलवायला पैसे नसतात, तिथे हेच टाकावं असं मी मनापासून सांगेन.

फक्त एक काळजी घ्या. वाचनालयात एक तिसरं, बरंच जुनं ३२ बिटचं मशीन आहे, त्याच्यावर मी हे अपग्रेड केलेलं नाही आणि तुम्हीही करू नका. डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. ते मशीन १२ वरच ठेवलंय, पुस्तकांची यादी शोधायला पुरतं, आणि १२ चा एलटीएस २०२८ पर्यंत आहे.