नागपुरात भाषा शिकायची पुस्तकं शोधली, बर्डी ते दीक्षाभूमी, माझा अनुभव

मी यवतमाळची. नागपूरला येणं होतं ते दवाखान्यासाठी नाहीतर कुणाच्या लग्नाला. पण मागच्या दसऱ्याला आईला दीक्षाभूमीवर घेऊन यायचं ठरलं तेव्हा एक दिवस आधीच निघालो, कारण मला पुस्तकं शोधायची होती. दोनच हवी होती. मला स्वतःला मराठीतून पाली, म्हणजे बौद्ध ग्रंथांची जुनी भाषा, शिकता येईल असं एक, आणि भावाची मुलगी नर्सिंगला आहे, जर्मनीत नोकरीसाठी क्लास लावलाय तिनं, तिच्यासाठी ए-वन म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलचं जर्मन.

पाली का, तर आई रोज सकाळी पालीतली बुद्धवंदना म्हणते, मी लहान होते तेव्हापासून ऐकतेय. एकदा तिनं विचारलं, "नमो तस्स मधला स्स आणि सम्मासम्बुद्धस्स मधला स्स एकच आहे का गं?" मी बी.एड. झालेली, शाळेत भाषा शिकवते, आणि मला सांगता आलं नाही. ते मनात राहून गेलं.

गणेशपेठला एसटीतून उतरलो, आईला नातेवाइकांकडे सोडलं आणि मी आधी एका मोठ्या दुकानात गेले, नाव लिहीत नाही. एसी, स्वच्छ, छान मांडणी. "भाषा" अशी पाटी असलेलं कपाट होतं, बघून बरं वाटलं, पण जवळ गेले तर वरपासून खालपर्यंत इंग्रजी बोलायला शिका, इंग्रजी ग्रामर, इंग्रजी डिक्शनरी, एवढंच. पाली विचारलं तर मुलानं धार्मिक पुस्तकांकडे नेलं. तिथे वंदनेच्या पुस्तिका होत्या, व्याकरण नव्हतं. मी म्हटलं दादा, मला भाषा शिकायचीय, तर तो बी.ए.चं गाइड घेऊन आला. जर्मनचं पुस्तक होतं पण प्लास्टिकमध्ये सील, उघडून बघू द्यायला तयार नाहीत. आता भाषेचं पुस्तक आत न बघता कसं घ्यायचं? मागे उत्तरं दिलीत का, ऑडिओ कुठून ऐकायचा, शब्दांची यादी आहे का, हे कव्हरवरून कळत नाही. जर्मनमध्ये तर प्रत्येक नामाला डेर, डी, डास यापैकी काय लागतं आणि अनेकवचन काय होतं हे यादीत दिलेलं नसेल तर ते पोरीला वेगळं शोधत बसावं लागतं. शिवाय पाठ्यपुस्तक वेगळं आणि सरावाचं वेगळं असतं बऱ्याचदा, तिथे फक्त पहिलंच होतं, दुसरं "मागवावं लागेल" म्हणाले. मी नाही घेतलं.

तिथून बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार. झाशी राणी चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांवाल्यांकडे फिरले. इथे मात्र मन रमलं. इंजिनिअरिंग, एमपीएससीचे ढीग उपसत उपसत खाली जर्मनची जोडी सापडली, पाठ्यपुस्तक आणि सरावाचं दोन्ही, एकाच कुणाचं तरी वापरलेलं. काकांनी स्वतः म्हटलं, "आरामात पाहा ताई, घाई काहून करता." पाहिलं, तर पहिले तीन धडे पेनानं सोडवलेले आणि पुढचं सगळं कोरं. ते चालतं. पण सीडीचा खिसा रिकामा होता, म्हणून आधी पोरीला फोन लावला, तिच्या क्लासमध्ये हीच आवृत्ती चालते का आणि ऑडिओ मिळेल का विचारलं, ती हो म्हणाली तेव्हाच पैसे दिले. नव्याच्या निम्म्याहून कमीत झालं. जुनं घेताना हा फोन करा, आवृत्ती बदलली की धड्यांचे नंबर बदलतात आणि मग वर्गात पोरगं चुकत राहतं.

पालीचं बर्डीवर काहीच नाही मिळालं. त्याच काकांनी सांगितलं, "उद्या दीक्षाभूमीवर जा, तिथं नाही मिळालं तर मग कुठंच नाही."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बर्डीहून मेट्रोच्या ऑरेंज लाइननं रहाटे कॉलनी, मधे फक्त काँग्रेस नगर लागतं, आणि तिथून चालत. त्या दिवसात ऑटोच्या नादी लागू नका, रस्ते बंद असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली तिथे लोक दर्शनाला येतात आणि जाताना हातात पुस्तकांची पिशवी असते, हे मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिलेलं, अजून तसंच आहे. स्टॉलच स्टॉल. डोक्यावर बोचकं घेतलेल्या म्हाताऱ्या बाया पुस्तकाचा भाव करतायत, असं दृश्य मला दुसऱ्या कुठल्या शहरात दिसलेलं नाही.

पहिल्या चार-पाच स्टॉलवर वंदनेच्या पुस्तिकाच होत्या. त्यातली एक स्वस्त म्हणून उचलली आणि आईनंच पकडलं, "बुद्धं"वरचा टिंब गायब. तुम्हाला वाटेल टिंबाचं काय एवढं, पण पालीत तोच टिंब म्हणजे द्वितीया. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणजे बुद्धाला शरण जातो, टिंब काढला की नुसतं "बुद्ध" उरतं, ते संबोधन होतं, म्हणजे हाक मारल्यासारखं. शिकणाऱ्याच्या हातात अशी छपाई द्यायलाच नको. म्हणून घेण्याआधी तुम्हाला पाठ असलेली एखादी ओळ काढून अनुस्वार तपासा.

पुढे एका स्टॉलवर एक दादा होते, म्हणाले, "जय भीम ताई, वाचायला पाह्यजे की शिकायला?" दोन दिवसात हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला!! आईला बसायला स्टूल दिलं आणि एकेक पुस्तक काढून उघडून दाखवत गेले. एक मराठीतलं छोटं व्याकरण, विभक्तीचे तक्ते सुटसुटीत, प्रत्येक धड्यामागे दहा-बारा वाक्यं. त्यात आईच्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्याच मिळालं, दोन्ही स्स एकच, आणि चतुर्थी आणि षष्ठी दोन्हीला हेच रूप लागतं, इथे नमो आहे म्हणून "त्यांना नमस्कार". आईनं मान हलवली, म्हणाली मला वाटलंच होतं.

दुसरं, महाराष्ट्र शासनानं छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा १६ वा खंड. बाबासाहेबांनी स्वतः तयार केलेलं पालीचं व्याकरण आणि शब्दकोश त्यात आहे, काही भागात तर पाली शब्दापुढे इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थ दिलेत. जाडजूड आहे, पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका, इंग्रजी चांगलं लागतं. पण कोश म्हणून घरात हवाच. मी घेतला, एवढं काम सांभाळून तो माणूस हे शब्द कधी लिहीत बसला असेल या विचारानं बराच वेळ पिशवीत ठेववेना.

मराठी माणसाला पाली जड जाईल असं वाटत असेल तर हे बघा, हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, अज्ज म्हणजे आज, दुद्ध म्हणजे दूध, सोळस म्हणजे सोळा, आपला ळ पण आहे तिथे. द्विवचन नाही. आणि पालीची वेगळी लिपी नाही, देवनागरीत सगळं वाचता येतं, म्हणून रोमन लिपीतलं पुस्तक कुणी गळ्यात मारत असेल तर आधी देवनागरी मागा. २०२४ मध्ये मराठीबरोबरच पालीलाही अभिजात दर्जा मिळालाय, मग मोठ्या दुकानांच्या भाषेच्या कपाटात तिला एक फळी तरी द्यायला पाहिजे होती.

तक्रार म्हणाल तर स्टॉलवर गर्दीत दुपारी बाराच्या पुढे पुस्तक हातात धरता येत नाही, सकाळी सातलाच जा. सुटे पैसे ठेवा, त्या गर्दीत नेट चालत नव्हतं. कापडी पिशवी दोन न्या.

बर्डीला पाचपैकी चार, दीक्षाभूमीच्या त्या स्टॉलला पाचपैकी पाच. एक गोष्ट मात्र राहिली, मागे उत्तरं दिलेली पालीची मराठी सराववही कुठेच नाही मिळाली. आई आणि मी आता रोज रात्री एक धडा करतो आणि बरोबर की चूक ते तपासायला आमच्याकडे कुणी नाही. अशी वही कुणाला नागपुरात दिसली असेल तर नक्की सांगा, मी तेवढ्यासाठी परत येईन.